बाहेरून पाठिंबा

लोकसभेत कोणत्याही एका पक्षाला बहुमत मिळाले नाही, की त्याची झळ दिल्लीकरांना बसते अशी समजूत आहे. ती ज्यांनी रूढ केली, त्यांच्या घरी माझे मामेसासरे कधी उतरले नसावेत. 4 जून 2024 रोजी सकाळी सात वाजता मामा एक पिशवी, दोन चष्मे आणि एक दोनशेपानी वही घेऊन आमच्या भुसावळच्या घरी दाखल झाले, कारण चाळीसगावला त्यांचा टीव्ही ऐन वेळी बिघडला होता. निकाल लागला की संध्याकाळच्या गाडीने परत जाईन, असे त्यांनी दारातच सांगितले होते. निकाल लागला, परंतु सरकार बनेना, आणि सरकार बनल्याशिवाय मामा हलेनात.

मामांनी रेल्वेत गार्ड म्हणून चौतीस वर्षे काढलेली असल्यामुळे लोकशाहीकडे ते ब्रेकव्हॅनमधूनच, म्हणजे गार्डच्या शेवटच्या डब्यातूनच, पाहतात. रात्रीपर्यंत त्यांनी वहीत भाजपसमोर 240 हा आकडा मांडला, त्याखाली बहुमताचे 272 लिहिले आणि बत्तीस डबे कमी पडत असल्याचे जाहीर केले. मग तेलुगू देसमचे 16 जोडले, 256 झाले. संयुक्त जनता दलाचे 12 जोडले, 268 झाले. शिंदे यांच्या शिवसेनेचे 7 जोडले, तेव्हा 275 वर गाडी सिग्नलच्या पुढे निघाली. आघाडी निवडणुकीपूर्वीच झालेली असल्यामुळे तिचे एकूण 293 खासदार निवडून आले होते आणि बेरजेची काही गरज नव्हती, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यावर, कागदावर जोडलेली गाडी आणि कपलिंग आवळलेली गाडी यांतला फरक मास्तर लोकांना कळायचा नाही, असे उत्तर मिळाले. मी शाळेत गणित शिकवतो.

त्या पाच दिवसांत भुसावळचे ऊन कसे होते, हे खान्देशाबाहेरच्या वाचकाला सांगून पटणार नाही आणि आतल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या बैठकीच्या खोलीत जी काही हवा येते ती खिडकीबाहेर अंगणात उभ्या असलेल्या पत्र्याच्या कूलरची. त्याला पाणी देणारी नळी उन्हाने तडकली होती, त्यामुळे दर तासाला दोन बादल्या ओतणे भाग होते. पाणी संपले की आतला पंप घरघरत कोरडा फिरू लागे, ओल्या गवताचा वास जाऊन तापलेल्या पत्र्याचा वास येई आणि खोलीत भट्टीची झळ सुरू होई. बादल्या ओतण्याचे काम आमच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांकडे होते. मामांसह त्यांचे निवृत्त रेल्वेमित्र मिळून आठ-नऊ जण रोज आत बसत, आणि त्या सर्वांचा श्वास त्या एका मुलाच्या हाती होता, ही गोष्ट माझ्या आधी त्याच्या लक्षात आली.

पहिल्या दिवशी त्याने बादलीमागे एक बर्फाचा गोळा मागितला. दुसऱ्या दिवशी मोबाइल मागितला. तिसऱ्या दिवशी त्याने काहीच मागितले नाही, नुसताच अंगणात बसून राहिला, आणि मी तेव्हा खरोखर घाबरलो. घर माझे, टीव्ही माझा, विजेचे बिल माझे. म्हणजे घरातला सर्वांत मोठा पक्ष मीच होतो, परंतु वाहिनी बदलण्याइतकेही बहुमत माझ्यापाशी नव्हते.

मामांना मुलाचे वागणे ओळखीचे वाटले. ‘हा बाहेरून पाठिंबा आहे,’ ते म्हणाले. ‘कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिन लावतात ना, तसा. रेटा त्याचा, नाव पुढच्या इंजिनाचे.’ मग त्यांनी एकेक गाडी काढली. 1979 मध्ये चरणसिंगांचा बँकर तर फलाटावरच सुटला आणि लोकसभेचे तोंड न पाहताच त्यांना राजीनामा द्यावा लागला. चंद्रशेखरांचा 1991 च्या मार्चमध्ये सुटला, देवेगौडांचा 1997 मध्ये. 1996 मध्ये वाजपेयींना बँकरच मिळाला नाही, म्हणून तेरा दिवसांत गाडी मागे आली. आणि 17 एप्रिल 1999 रोजी त्यांचे सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले, तेव्हा ड्यूटीवर असूनही आपण पाणी प्यायलो नाही, असे मामा सांगतात. सरकार बनवायला कोणाला बोलवायचे, याची रीत राज्यघटनेत लिहिलेली नाही, पंतप्रधान राष्ट्रपती नेमतील एवढेच आहे, हे सांगताना मात्र त्यांची छाती फुगते. कारण 2009 मध्ये काँग्रेसचे 206 निवडून आले असताना मनमोहनसिंगांना सरकार बनवायला बोलावणाऱ्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील या आमच्या जळगाव जिल्ह्याच्या. खान्देशाने तेव्हा सरकार बनवले होते, हे त्यांचे मत मी खोडून काढत नाही. या वेळी खान्देशाने जळगाव आणि रावेर भाजपला, धुळे आणि नंदुरबार काँग्रेसला दिले होते. धुळ्यात तर फरक अवघा 3,831 मतांचा.

‘चार जागांत यांचे एकमत होत नाही आणि हे काय करून राहिले दिल्लीवाले म्हणून विचारता,’ असे सौभाग्यवती चहाचा सातवा ट्रे ठेवत म्हणाल्या. 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला लोकसभेच्या पंधरा टक्क्यांची, म्हणजे 81 जणांची मर्यादा घातलेली आहे, हे मामांनी कौतुकाने सांगितले, तेव्हा ही मर्यादा पाहुण्यांना लागू होते का, एवढेच त्यांनी विचारले.

9 जूनला, रविवारी, सायंकाळी सव्वासातला शपथविधी होता. पंतप्रधान धरून 72 जण शपथ घेणार होते, त्यांत आमच्याच मतदारसंघाच्या रक्षा खडसे होत्या. परंतु राज्यमंत्र्यांची पाळी शेवटी येते. आणि त्याच रात्री आठला न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान सामना होता. चिरंजीव दोन रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘आजोबा, आठला चॅनल बदलायचे. नाहीतर पाणी नाही.’

मामा कॅबिनेट मंत्र्यांमध्ये गुंतले होते. ‘अरे, आपल्या गावचा मंत्री होतोय!’ ते कळवळून म्हणाले. मुलाने बादल्या खाली ठेवल्या. कूलर घरघरला. रेल्वेमित्रांनी वहीने वारा घालायला सुरुवात केली आणि मामांच्या कपाळावर, 1999 नंतर प्रथमच, घाम दिसला. मी वाटाघाटीसाठी अंगणात गेलो, एक पूर्ण महिन्याचा मोबाइल देऊ केला आणि नाकारला गेलो.

तेवढ्यात मुलाच्या मित्राने कुंपणापलीकडून ओरडून सांगितले की न्यूयॉर्कमध्ये पाऊस पडतो आहे आणि नाणेफेक लांबली आहे. मुलाने आकाशाकडे पाहिले, तिथे अर्थातच एक ढग नव्हता, आणि निमूट बादल्या उचलल्या.