एबीएसचा दिवा घालवण्याचा सल्ला: चार विधाने आणि त्यांची तपासणी

‘एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) किंवा स्टिअरिंगचा दिवा लागला तरी साधे ब्रेक चालूच असतात, तेव्हा काळजी करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर १५ मिनिटे काढून ठेवा, दिवा जाईल. नाही गेला तर कोडमध्ये (गाडीने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणेत) ज्या चाकाचे नाव येईल त्याचा सेन्सर बदला. आणि दिवा स्टिअरिंगचा असेल तर अलाइनमेंट करून घ्या.’ असा सल्ला मोटारमालकांमध्ये सर्रास पुढे पाठवला जातो. अनावश्यक खर्च टाळण्याची इच्छा रास्तच आहे. पण या चार विधानांतले पहिले अर्धेच खरे आहे आणि उरलेली तीन पाळल्यास बहुतेक वेळा खर्च वाढतो.

पहिले विधान घेऊ. एबीएसचा पिवळा दिवा एकटा लागलेला असेल, तर पेडलवरचा दाब चाकांपर्यंत नेहमीसारखाच पोहोचतो, हे खरे आहे. मात्र पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरताना जोरात ब्रेक मारावा लागला, तर पुढची चाके जाम होऊ शकतात, आणि जाम झालेले चाक स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडीला वळवत नाही. ज्या गाड्यांत घसरण रोखणारी ईएससी यंत्रणा असते, तिथे तीही चाकांचा वेग मोजणाऱ्या एबीएसच्याच सेन्सरांवर अवलंबून असल्याने सहसा सोबतच बंद पडते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा सल्ला पिवळ्या आणि लाल दिव्यांत फरक करत नाही. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असूनही ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असू शकते किंवा मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडी बंद पडलेली असू शकते. दुसऱ्या स्थितीत मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरण्याचा धोका असतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन थांबवावी. ऑइल कमी दिसले म्हणून नुसते वरून भरू नये. आधी पॅड झिजले आहेत का आणि कुठे गळती आहे का, हे पाहावे.

दुसरे विधान बॅटरीचे. एबीएसच्या मोड्यूलमधील, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकातील, कोड बहुतेक आधुनिक गाड्यांत कायमस्वरूपी स्मृतीत राहतात आणि वीज तोडल्याने पुसले जात नाहीत. दिवा काही वेळ गेलाच, तर पुढच्या स्वयंतपासणीत परत येतो. किंबहुना तो परत कधी येतो, हाच निदानाचा पहिला धागा आहे. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंदांत विझायला हवा. तो विझलाच नाही, तर वायर तुटणे किंवा कपलर (वायरींचा जोड) सुटणे यासारख्या विद्युत बिघाडाचा संशय घ्यावा. आणि गाडी थोडी चालल्यावर लागत असेल, तर चाकाकडून येणारा संकेत तपासावा. बॅटरीच्या बाबतीत खरी गरज आहे ती व्होल्टेज मोजण्याची. बंद गाडीत ते सुमारे १२.६ व्होल्ट हवे, बॅटरी अशक्त असली की स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते आणि एबीएस व इलेक्ट्रिक स्टिअरिंग या दोहोंचे दिवे लागू शकतात.

तिसऱ्या विधानात सर्वाधिक पैसा वाया जातो. कोड एका सर्किटकडे बोट दाखवतो, सुट्या भागाकडे नाही. ‘उजव्या पुढच्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला, तर त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याची वायर, कपलर, दातेरी किंवा चुंबकीय कडे (चाकासोबत फिरणारे, ज्यावरून सेन्सर वेग ओळखतो), बेअरिंग आणि मोड्यूलपर्यंतची वायरिंग हे सगळे येते. पुढच्या चाकाची वायर प्रत्येक वळणावर वाकते, म्हणून ती आतून तुटते. कोकणात सेन्सरखाली गंज फुगून सेन्सर कड्यापासून दूर ढकलला जातो. आणि वायरी कुरतडणारे उंदीर तर सगळीकडेच आहेत. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत असा सेन्सर दोनदा बदललेला होता. प्रत्यक्षात बेअरिंग उलटे बसवल्याने त्याची चुंबकीय बाजू सेन्सरकडे नव्हतीच. म्हणून आधी एबीएसचे मोड्यूल वाचणारा स्कॅनर लावावा (स्वस्तातली बरीच उपकरणे केवळ इंजिनचे कोड वाचतात) आणि साधारण ताशी २० किमी वेगाने गाडी चालवताना चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी पाहावेत. जे चाक मध्येच शून्य दाखवते, तिथे शोध सुरू करावा. जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरचा रोध बहुधा १ ते २ किलोओहमच्या आसपास असतो आणि तो दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहता येतो. नव्या सक्रिय (वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या) सेन्सरवर ओहमची चाचणी निरर्थक असते. तिथे कपलरपर्यंत पुरवठा येतो का हे पाहावे आणि चाक हळूहळू फिरवून प्रवाह सुमारे ७ आणि १४ मिलिअँपिअर यांच्यात बदलतो का, हे मोजावे. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता पेडल थरथरत असेल, तर दिवा नसतानाही कडे तडकल्याचा किंवा गंजल्याचा संशय घ्यावा.

चौथ्या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन बसवणे. स्टिअरिंगचा दिवा मात्र इलेक्ट्रिक मदतीच्या यंत्रणेतला बिघाड दाखवतो, म्हणजे टॉर्क सेन्सर (स्टिअरिंगवरचा हाताचा जोर मोजणारा), मोटर, तिची वायरिंग किंवा व्होल्टेज. स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आणखी निराळा असतो. अलाइनमेंटनंतर त्याचा शून्य बिंदू अनेक गाड्यांत स्कॅनरने पुन्हा बसवावा लागतो; तो राहिला, तर गाडी सरळ चालत असताना ईएससीला ती वळते आहे असे वाटते आणि तिचा दिवा लागतो. काही गाड्यांत बॅटरी काढल्यानेही हा शून्य बिंदू जातो. बॅटरी काढणे खरोखर आवश्यक ठरते ते स्टिअरिंग कॉलम उघडताना, कारण तिथे एअरबॅग असते. वायर काढल्यावर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच हात घालावा.

दुरुस्ती झाल्यावर कोड स्कॅनरने पुसावा, मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवावी, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे आणि त्यानंतर मोड्यूल पुन्हा एकदा वाचावे.