चौदाशे अकरा वर्षांची भावंडं

नववीला कॉम्प्युटर शिकवतो म्हटलं की लोक हमखास म्हणतात, मजा आहे बुवा तुमची, आजकालची पोरं मोबाईल हातात घेऊनच जन्माला येतात, त्यांना काय शिकवायचं! या लोकांना एकदा लॅबमध्ये आणून बसवायचंय. मोबाईलवर बोटं विजेसारखी चालतात मान्य, पण माऊस दिला की डबल क्लिक म्हणजे एक क्लिक, मग विचार, मग दुसरं क्लिक.

"सर, माझी फाईल गेली."
"कुठे सेव्ह केली होतीस?"
"कॉम्प्युटरमध्ये."
"अरे पण कॉम्प्युटरमध्ये कुठे?"
"आत."

त्यांचाही दोष नाही म्हणा, मोबाईलवर काढलेला फोटो आपला आपण गॅलरीत जाऊन बसतो, फोल्डर नावाच्या भानगडीशी गाठच पडत नाही. सेव्हच्या बटणावर फ्लॉपीचं चित्र का, हे सांगताना मी बोलून गेलो की हिच्यात १.४४ एमबी मावायचं. "म्हणजे एक फोटोसुद्धा नाही?" आणि सगळा वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी लहानपण गुहेत काढलंय.

पण खरी परीक्षा पायथॉनची, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेची. स्वतःचं वय विचारा, बहिणीचं विचारा, बेरीज करा, एवढाच प्रोग्रॅम. एकाने १४ आणि ११ टाकले, उत्तर आलं १४११. "सर, याला गणित येत नाही." मग समजावलं की बाबांनो, इनपुट जे घेतं ते त्याच्या लेखी अक्षरं असतात, अक्षरं एकापुढे एक चिकटतात, आधी इंट लावून त्यांचा आकडा करायचा. लावलं, २५ आले, टाळ्या. तेवढ्यात एकीने अक्षरात 'चौदा' टाईप केलं आणि पडद्यावर लालभडक व्हॅल्यू एरर.

"चौदा हा आकडाच आहे ना सर?"

मी ठणकावलं, फक्त आकडे टाकायचे आणि तेही इंग्रजीच, मराठी आकडे त्याला कळत नाहीत. आता एवढं ठामपणे बोलायची काय गरज होती! मागच्या बाकावरच्याने, ज्याची फाईल रोज हरवते त्याने, कीबोर्डची भाषा बदलली, मराठीत एक-चार टाकले, मग एक-एक, आणि एंटर दाबलं.

पंचवीस.

"कळतंय की सर त्याला."

मी म्हटलं, फाईल सेव्ह कर आधी.