बाळाच्या वाटीतलं पाणी कमी करा

बाळ सहा महिन्यांचं झालं आणि वरचं अन्न सुरू केलं की पहिला प्रश्न येतो, "आता दूध किती कमी करायचं?" माझं स्पष्ट मत आहे की पहिले दोन महिने दूध कमी करण्याचा विचारच करू नका. आधी वाटीत डोकावून बघा. पुष्कळदा तिथे पाणीच असतं: शिजवलेल्या डाळीवर आलेलं पाणी, गाळलेलं भाज्यांचं सूप, नाहीतर फळांचा रस. पचायला हलकं म्हणून ते दिलं जातं. बाळ गटागट पितं आणि वाटी रिकामी झाली म्हणून मोठ्यांना बरं वाटतं.

आईच्या 100 मिली दुधात साधारण 65 ते 70 कॅलरी असतात. फॉर्म्युलात, म्हणजे बाळांसाठीच्या पावडरच्या दुधात, जवळपास तेवढ्याच. गाळलेल्या सुपात त्याच्या निम्म्याही नसतात. बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे अंदाजे 30 मिली मावतं असं धरतात, म्हणजे 8 किलोच्या बाळाला एका वेळी 240 मिली. त्यातली 100 मिली जागा पाणचट सुपाने अडवली, की बाळ तेवढं दूध कमी पितं. पोट भरतं, शू होते, बाळ शांत झोपतं, आणि दोन महिन्यांनी वजनाचा काटा अडतो. मग खापर फुटतं आईच्या दुधावर. "दूध पुरत नसेल" म्हणून बाटली सुरू होते. अशा वेळी दुधाला दोष देण्याआधी वाटी तपासा, हे मी कळकळीने सांगते.

मग अन्नातून किती मिळायला हवं? आईचं दूध सरासरी प्रमाणात मिळत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला अन्नातून रोज सुमारे 200 कॅलरी पुरतात. 9 ते 11 महिन्यांत 300 लागतात आणि वर्षानंतर 550. एकूण गरज साधारण 600, 690 आणि 900 अशी वाढत जाते. म्हणजे आठ महिन्यांपर्यंत दोन तृतीयांश पोषण दुधातूनच येतं, वर्षाच्या आतही निम्म्याहून जास्त दूधच असतं, आणि वर्ष उलटल्यावर कुठे अन्न पुढे जातं. सातव्या महिन्यात "आता हा छान जेवतो" म्हणून अंगावरची दोन पाजणी तोडणं हे घाईचंच.

अन्न दाट हवं. चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळून जाऊ नये, ही सोपी खूण. भात, डाळ, बटाटा, अंडं, मासे, काहीही असो, मऊ शिजवून काट्याने किंवा हाताने कुस्करा. मिक्सरमधून काढायचं तर पाणी बेताने घाला, कारण पातं फिरावं म्हणून घातलेलं पाणी शेवटी बाळाच्याच पोटात जातं. सैल करायला पाण्याऐवजी आईचं काढलेलं दूध किंवा तयार केलेला फॉर्म्युला वापरा. छोट्या वाटीभर घासात एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, तेल, तूप किंवा लोणी घातलं की 35 ते 45 कॅलरी वाढतात आणि आकारमान जवळजवळ तेवढंच राहतं. मीठ आणि साखर मात्र वर्षाच्या आत नको.

सुरुवात दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन-तीन मोठे चमचे. आठव्या महिन्याच्या अखेरीस 250 मिलीची वाटी अर्धी भरेल एवढं, दोन ते तीन वेळा. नवव्यापासून तीन-चार वेळा, आणि भूक असेल तर मध्ये एखादा हातात धरून खायचा तुकडा. हे आकडे अंदाजाला आहेत, वाटी संपवायच्या शर्यतीसाठी नाहीत. बाळ तोंड फिरवतं, ओठ मिटतं, चमचा ढकलतं, तेव्हा जेवण संपलं.

आता लोहाबद्दल, कारण माझ्या मते वरच्या अन्नाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्माआधी आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधातलं लोह उत्तम शोषलं जातं, पण लिटरमध्ये असतं जेमतेम 0.3 ते 0.4 मिलीग्रॅम. उलट 7 ते 12 महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकी मानक रोज 11 मिलीग्रॅमचं आहे. ही दरी दूध वाढवून भरत नाही, आणि कुस्करलेलं फळ देऊनही नाही. "वर्षापर्यंत अन्न म्हणजे नुसती चव" हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. रोज एकदा तरी लोहाचा घास हवा: मांस, मासे, अंड्याचा बलक, मऊ कुस्करलेली डाळ किंवा कडधान्य, नाहीतर लोह मिसळलेलं बाळांचं तयार धान्य. मांसातलं लोह सहज शोषलं जातं, डाळी-कडधान्यांतलं कमी. त्यावर उपाय म्हणजे त्याच जेवणात क जीवनसत्त्व: लिंबाचे चार थेंब, टोमॅटो किंवा संत्र्याची फोड. फळ दुपारी वेगळं देण्यापेक्षा डाळीच्या घासाबरोबर दिलं तर दुप्पट कामी येतं. घरात मांस-मासे-अंडी चालत नसतील, तर लोहाच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांचा साठा लवकर संपतो, त्यांना थेंब बहुधा आधीपासूनच लागतात.

आधी दूध की आधी घास? आठ महिन्यांपर्यंत आधी दूध, मग अर्ध्या-पाऊण तासाने घास. भुकेने रडणारं बाळ चमचा शिकत नाही, आणि नुकतंच पोटभर प्यायलेलं बाळ तोंड उघडत नाही. मधली वेळ साधावी लागते. नवव्या महिन्याच्या आसपास हा क्रम उलटा करा, आधी जेवण आणि मग दूध. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मिलीत मोजता येत नाही आणि मोजायची गरजही नाही. मागेल तेव्हा पाजा.

फॉर्म्युलाचं मात्र मोजमाप करावं. 7 ते 9 महिन्यांत दिवसाला साधारण 600 मिली, 10 ते 12 महिन्यांत 400 च्या आसपास, थोडं कमी-जास्त. 900-1000 मिली जात असेल तर जेवायला भूक उरणार कुठून? चमचा सपाट, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. पावडर जास्त घातली तर पाणी कमी पडून बद्धकोष्ठता होते, आणि पैसे वाचवायला पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, 70 अंशांच्या खाली जाऊ न देता त्यात पावडर मिसळा, नंतर कोमट करून पाजा. बाळाने पिऊन उरलेलं टाकून द्या. बाटलीत धान्याची पेस्ट घालू नका: ठसका लागतो, नको तितक्या कॅलरी जातात आणि चावण्याचा सराव होतच नाही. सहा महिन्यांनंतर "पुढच्या टप्प्याचा" डबा घ्यावाच लागतो असं नाही, पहिल्याच टप्प्याचा वर्षभर चालतो.

गाईचं किंवा म्हशीचं दूध पदार्थात थोडं चालेल, पण माझा सल्ला आहे की वर्षाच्या आत ते मुख्य पेय करू नका. त्यात लोह अगदी कमी असतं. पाणी जेवणाबरोबर दोन-चार घोट पुरे. रस नकोच. मध तर वर्षापर्यंत चाटवायलाही नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

शेंगदाणा आणि अंडं "ॲलर्जी होईल" म्हणून लांबवू नका. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी दिसली. दाणा अख्खा कधीच नाही. बारीक कूट किंवा पातळ केलेली पेस्ट घासात मिसळा. अंडं पूर्ण शिजलेलं. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

नऊ-दहा महिन्यांचं बाळ अचानक जेवत नाही, ही तक्रार फार येते. अशा वेळी चोवीस तासांचं सगळं दूध कागदावर लिहा, रात्रीचंही. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं: रात्री चार-पाचदा बाटली, सकाळी भूक शून्य. दूध व्यवस्थित असेल तर घासाचा पोत बघा. दहाव्या महिन्यातही गुळगुळीत पेस्टच देत असाल, तर बाळ कंटाळलेलं असतं आणि गुठळ्यांना घाबरायलाही लागतं. आठव्या-नवव्या महिन्यापासून भरड, मग बोटांनी उचलण्याजोगे मऊ तुकडे. ओकारीसारखा आवाज काढून बाळ घास पुढे आणतं, ते शिकण्यातलंच आहे. आवाजच बंद झाला, खोकता येत नाही, ओठ निळे पडले, तर घास अडकलाय. गळ्यात अडकलेलं काढण्याचा प्रथमोपचार घरातल्या प्रत्येकाने आधीच शिकून ठेवायला हवा. द्राक्षं लांबीत चार तुकडे करून द्या. कच्चं गाजर आणि अख्खे दाणे नकोत.

वजनाबद्दल उगाच धसका घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलाचं मधलं वजन सहाव्या महिन्यात 7.9 किलो आणि बाराव्यात 9.6 असतं, मुलीचं 7.3 आणि 8.9. म्हणजे सहा महिन्यांत जेमतेम पावणेदोन किलो, आधीच्या सहा महिन्यांच्या निम्म्याहूनही कमी. वेग मंदावणं स्वाभाविक आहे. मात्र सलग दोन महिने वजन अजिबात वाढलं नाही, शू कमी झाली, बाळ निस्तेज किंवा फिकट दिसतं, किंवा दूध आणि अन्न दोन्ही नाकारतं, तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

तापात, जुलाबात खाणं घटतं. तेव्हा दूध वारंवार द्या, घासाची जबरदस्ती नको. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसातून एक जेवण जास्त द्या, घट भरून निघते. वर्षानंतर अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवता येतं. फॉर्म्युलाची गरज उरत नाही, साधं दूध चालतं, पण दिवसाला 400-500 मिलीपर्यंतच आणि कपातून.