ला पाझची फुगडी

“अहो, हेड गेलं!”

सकाळी सव्वासहाला बायकोची अशी हाक आली तर कुठलाही नवरा आधी स्वतःचं डोकं चाचपून बघेल. मीही बघितलं. पण बोटीवर हेड म्हणजे संडास. जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशी पार पुढे, जहाजाच्या डोक्याकडे जाऊन मोकळे होत, म्हणून ते नाव. आमचं हेड हातपंपाचं आहे. काम झालं की दांडा वीसेक वेळा वरखाली करायचा. व्यायाम वेगळा करावा लागत नाही. त्या पंपाच्या जाड पाइपावर दोन होज क्लिपा, म्हणजे पाइप आवळून धरणाऱ्या पट्ट्या, असतात. खाऱ्या हवेने गंजून त्यातली एक रात्री तुटली. दुसरी सकाळी मी ‘बघू या किती घट्ट आहे’ म्हणून पिळली, तेव्हा तुटली. पुढचं वर्णन करत नाही. कोणी चहा पीत वाचत असेल.

आमची बोट चौतीस फुटी. नाव ‘वेंगुर्ला’, कारण कप्तान वेंगुर्ल्याची आहे. कप्तान म्हणजे बायको. मी डोंबिवलीचा. बोटीवर माझा हुद्दा क्रू, आणि पात्रता एकच: सकाळच्या फास्टला दारात लटकून कमावलेला तोल. कॅलिफोर्नियात सत्तावीस वर्षं नोकऱ्या केल्यावर हिने जाहीर केलं की आता पाण्यावर राहायचं. मी ‘बघू’ म्हणालो. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ होकार असा धरला जातो. सॅन डिएगोहून निघून, बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून आम्ही मेक्सिकोतल्या ला पाझला पोहोचलो आणि गावासमोर नांगर टाकला. तिथल्या स्पॅनिशमध्ये ‘व’चा उच्चार ‘ब’कडे झुकतो, त्यामुळे रेडिओवर आम्ही ‘बेंगुर्ला’ आहोत. कप्तानाला ते अजून सहन होत नाही.

आठ वाजता रेडिओवर बोटवाल्यांची रोजची सभा भरते. हवामान, भरती-ओहोटी, कोण आलं, कोण निघालं, कोणाकडे काय जास्तीचं आहे, कोणाला काय हवंय. परदेशी बोटवाल्यांना इथे माल विकायला परवानगी नाही, म्हणून किंमत नारळांत सांगायची प्रथा आहे. जुनं शीड वीस नारळ, पंखा पाच नारळ. खरा नारळ कोणी कोणाला देत नाही, आकडा मनातल्या मनात समजून घ्यायचा. मला मात्र ‘नारळ’ शब्द ऐकला की नोकरीची धास्ती वाटते. कप्तानाने क्रूला नारळ दिला तर क्रूने जायचं कुठे? त्या दिवशी सभा सुरू झाली तेव्हा मी हेडच्या खाली, टॉर्च दातांत धरून, पालथा पडलो होतो. “बंद कर तो रेडिओ!” मी ओरडलो. तिने केला. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे बरेच दिवस ऐकवलं गेलं.

“गावात जाऊन क्लिपा घेऊन या,” कप्तान म्हणाली. “दीड इंची, दोन. स्टेनलेस. आणि जाताच आहात तर सुरमई, कोथिंबीर आणि नारळ.”

“जाताच आहात तर” हे शब्द डोंबिवलीत मी हजारदा ऐकले आहेत. तिथे त्यांचा अर्थ दहा मिनिटं असा होतो. बोटीवर राहणाऱ्याला गावात जायचं म्हणजे आधी रबरी होडी पाण्यात सोडायची, तिच्यात पाय न घसरता उतरायचं, इंजिनाची दोरी खेचायची, ते सुरू होत नाही हे मान्य करायचं आणि वल्ही हातात घ्यायची. धक्क्याला लागेपर्यंत पँट बसायच्या जागी ओली होते. ती वाळेपर्यंत कोणाकडे पाठ करून उभं राहायचं नाही.

जमिनीवर पाय ठेवला की जमीन हलते. आठवडाभर बोटीवर काढल्यावर कानातला तोल बिघडतो आणि गाव डुलायला लागतं. ला पाझचा मालेकोन, म्हणजे समुद्रकाठचा फिरायचा रस्ता, पाचेक किलोमीटर लांब आहे. त्यावर पळणारे, सायकलवाले, जागोजागी ब्राँझचे पुतळे. त्या सगळ्यांतून मी सकाळी साडेनऊला झिंगल्यासारखा चाललो होतो. एका आजींनी नातवाला माझ्यापासून बाजूला ओढलं.

माझा रंग बघून इथे सगळे मला मेक्सिकनच समजतात. शेजारच्या गोऱ्या बोटवाल्यांना लोक सावकाश, हातवारे करून समजावतात. माझ्यावर मात्र स्पॅनिश अशी कोसळते की जणू माझं बारसं इथेच झालंय. मी हार्डवेअरचं दुकान कुठे विचारलं. त्या माणसाने भराभरा जे सांगितलं त्याचा मी लावलेला अर्थ असा: “सोळा सप्टेंबरला सरळ वर जा. १९१०च्या क्रांतीच्या आधी.”

नोव्हेंबर चालू होता. सोळा सप्टेंबर दहा महिन्यांवर होता आणि क्रांती होऊन शंभर वर्षं उलटली होती. तोवर हेडचं काय करायचं? थोड्या वेळाने कोपऱ्यावरची पाटी वाचली तेव्हा उलगडलं की ही रस्त्यांची नावं आहेत. १६ सप्टेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, १९१०ची क्रांती हा वरचा आडवा रस्ता, आणि एक ५ मे नावाचा रस्ताही आहे. या गावात माणूस पत्ता शोधत नाही, इतिहासाचा पेपर देतो.

इतिहासावरून आठवलं. सामान मिळत नाही ही ला पाझची तक्रार जुनीच आहे. एर्नान कोर्तेस, ज्याने आस्तेकांचं राज्य बुडवलं तोच, ३ मे १५३५ला या उपसागरात उतरला, जागेला सांता क्रूझ नाव दिलं, वसाहत मांडली. मोत्यांच्या आशेने आला होता. पण ना पुरेसं अन्न, ना पुरवठा. दोनेक वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. पुढे १५९६मध्ये सेबास्तियान विस्काइनो आला, त्याने गावाला ‘ला पाझ’, म्हणजे शांती, हे नाव दिलं, आणि तोही टिकला नाही. साम्राज्यं उलथवणाऱ्यांची ही गत, तर मी दीड इंची क्लिपांसाठी आलेला डोंबिवलीकर. पण कोर्तेसला वल्हवत परत जाऊन बायकोला तोंड दाखवायचं नव्हतं.

दुकान सापडलं. लांब काउंटर, मागे छतापर्यंत खण, आणि काउंटरपलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ. मी वाक्य वाटेत घोकून ठेवलं होतं. होज क्लिपला स्पॅनिशमध्ये ‘आब्रासादेरा’ म्हणतात. घोकताना एक रस्ता ओलांडला, एका ट्रकने हॉर्न दिला आणि शब्दाचं शेपूट तिथेच पडलं. मी ठणठणीत आवाजात म्हणालो, “मला दोन आब्रासो हवेत. दीड इंची. स्टेनलेस स्टीलचे.”

आब्रासो म्हणजे मिठी.

दुकानात शांतता पसरली. माझ्यामागे सिमेंटची गोणी घेऊन उभा असलेला माणूस गोणी खाली ठेवून ऐकू लागला. काउंटरवरच्या आजोबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि गंभीरपणे विचारलं, “दीड इंची? तुमच्या मापाला लहान नाही का होणार?”

मला वाटलं ते पाइपाबद्दल बोलताहेत. मी म्हणालो, “नाही, नाही, घट्टच पाहिजे. गळती आहे.”

पुढचे दोन मिनिटं कोणी काही बोलू शकलं नाही. गोणीवाला गोणीवरच बसला. शेवटी आजोबांनी डोळे पुसत खणातून एक क्लिप काढून समोर धरली, “आ-ब्रा-सा-दे-रा,” असं बालवाडीतल्या बाईंसारखं म्हणाले, आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पण ती लोखंडी होती. स्टेनलेसची आणायला त्यांनी भाच्याला पिटाळलं. “आओरिता,” भाचा म्हणाला.

या शब्दाचा कोशातला अर्थ ‘आत्ता, या क्षणी’. प्रत्यक्षात तो आमच्या इलेक्ट्रिशियनच्या ‘निघालोच, पाच मिनिटांत’चा सख्खा भाऊ आहे. माणूस निघालेला असतो, कुठून ते सांगत नाही. पन्नास मिनिटं मी स्टुलावर बसलो. तेवढ्यात माझं गाव, देश, मुलं, बोट, बोटीची किंमत सगळं विचारून झालं. इंडियातून म्हटल्यावर “आह, इंदू!” इथे भारतीय माणसाला, धर्म कुठलाही असो, सर्रास ‘इंदू’ म्हणतात, ‘इंदिओ’ म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि तो शब्द बहुतेकदा हिणवायलाच वापरतात. बोटीची कप्तान बायको आहे हे ऐकल्यावर आजोबांनी खाली वाकून मला थंडगार हामाइकाचा पेला दिला. लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत. रंगाला आणि आंबटपणाला आपल्या कोकमासारखं. मी सांत्वन समजून प्यायलो.

भाचा आला. क्लिपा दोन, स्टेनलेस, दीड इंची. पैसे दिल्यावर आजोबा काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि मला घट्ट मिठी मारली. “ही फुकट,” म्हणाले. माझी पाठ अजून ओली होती.

मर्कादो ब्राव्होत मासळी शोधायला वेळ लागला नाही. सिएरा नावाचा मासा तिथे बर्फावर पडला होता: लांबोळा, चंदेरी, अंगावर पिवळसर ठिपके. आपल्या सुरमईची ही मावसबहीण. शास्त्रीय नावातही दोघींचं आडनाव एक, स्कॉम्बेरोमोरस. इथे तिला बारीक चिरून लिंबाच्या रसात मुरवतात आणि कच्चीच खातात. मी तुकड्या मागितल्या. कोळिणीने सुरी थांबवून कशासाठी ते विचारलं. कालवण हे मला स्पॅनिशमध्ये सांगता आलं नाही. मी हवेत पातेलं काढून ढवळून दाखवलं. तिने मान हलवली. चांगल्या माशाचं असं करतात, तर करोत बापडे.

नारळ शेवटी घेतला, आणि तिथेच चूक झाली. नारळ पिशवीत आधी घालावा, कोथिंबीर वर, हे मला पन्नास वर्षांपूर्वी आईने शिकवलं होतं. मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर नारळ मुळात नव्हताच. स्पॅनिश लोकांची गलबतं मनिलाहून अकापुल्कोला ये-जा करायची, त्यांतून तो फिलिपिन्सहून आला. म्हणजे तोही आमच्यासारखा बोटीतून उतरलेला. एरवी मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली असती. पण कोथिंबिरीचा चोथा करून तो धक्क्यापर्यंत माझ्या नडगीवर आपटत आला.

आणि धक्क्यावर उभा राहून बघतो तर घर जागेवर नाही.

गावासमोर मोगोते नावाची वाळूची लांब जीभ आहे. तिच्याआड मोठी खाडी. भरतीला आणि ओहोटीला त्या खाडीचं सगळं पाणी बोटींच्या पोटाखालून गावाला लागून वाहतं. वारा म्हणतो इकडे, पाणी म्हणतं तिकडे. ज्या बोटीचं पोट खोल ती पाण्याचं ऐकते, जी वर उंच आणि खाली उथळ ती वाऱ्याचं. नांगराभोवती प्रत्येक जण आपल्या मर्जीने गिरक्या घेतो. बोटवाले याला ‘ला पाझ वॉल्ट्झ’ म्हणतात. वॉल्ट्झ म्हणजे जोडीने गिरक्या घेत करायचा युरोपीय नाच. कप्तान म्हणते वॉल्ट्झ कसला, फुगडी आहे, आणि तीही पायावर पाय पडेपर्यंत घातलेली. दुपारपासून उत्तरेचा वारा सुटला होता आणि खालून ओहोटी लागली होती.

सकाळी मी खूण करून ठेवली होती: निळ्या कॅटमरानच्या डावीकडची पांढरी बोट. आता निळा कॅटमरान उलटं तोंड करून उभा होता आणि त्याच्या डावीकडे तीन पांढऱ्या बोटी होत्या. पहिलीवर मी टकटक केली. आतून आलेला जर्मन झोपेतून उठला होता. त्याने मला मासे विकणारा समजून भाव विचारला. दुसरीवरून कुत्रा भुंकला. नारळ होडीच्या तळात गडगडत आलटून पालटून दोन्ही घोट्यांवर बसत होता.

तिसरी ‘वेंगुर्ला’ होती, पण एकटी नव्हती. शेजारच्या कॅनेडियन म्हाताऱ्याची बोट तिच्या इतकी जवळ आली होती की मधून सतरंजीसुद्धा वाळत घालता आली नसती. कप्तान कठड्याला धरून त्याच्या बोटीला एका पायाने रेटून दूर ठेवत होती. तोही पलीकडून तेच करत होता. पायांचं काम चालू ठेवून दोघांच्या हवामानावर गप्पा चालल्या होत्या.

“अहो, इतका वेळ! दोर फेका! फेका म्हणते ना!”

मी दोर फेकला. मासे दिले. पिशवी दिली. मग खिशातून क्लिपा काढून अभिमानाने वर धरल्या. लाट आली. ‘टुबुक’ असा अगदी बारीक आवाज झाला. पाच मीटर खोल पाण्यात दोनपैकी एक आब्रासो कायमचा गेला.

कोणी काही बोललं नाही. मग कॅनेडियन म्हाताऱ्याने विचारलं, “होज क्लिप होती का? केवढी?” पाय न हलवता तो मागे वाकला, हात आत घालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि उघडला. आत क्लिपाच क्लिपा, स्टेनलेसच्या, लग्नातल्या पेढ्यांसारख्या रचलेल्या. “सकाळी रेडिओवर मी सांगितलं की, हव्या असतील तर घ्या. ऐकलं नाहीत?”

कप्तानाने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

त्याने दीड इंची क्लिप निवडून हात लांब केला. “एक नारळ,” तो हसत म्हणाला.

कप्तान प्रथेप्रमाणे हसली नाही. वेंगुर्ल्यात व्यवहार म्हणजे व्यवहार. तिने पिशवीत हात घातला, खाली नसलेला, वर असलेला नारळ काढला आणि दोन बोटींच्या मधल्या वीतभर जागेवरून त्याच्या हातावर ठेवला. म्हातारा नारळाकडे बघत राहिला. कालवणाचा नारळ होता तो. मीही बघत राहिलो.

तेवढ्यात ओहोटी सरली असावी. त्याची बोट आपली आपणच सुटली आणि हळूहळू वळत दूर जाऊ लागली. तो तसाच कठड्याशी उभा, दोन्ही हातांत नारळ.

“फोडायच्या आधी खाली वाटी धरा!” कप्तान ओरडली. मराठीतच ओरडली. त्याने मान हलवली.