‘ताई, मॅग्नम झेपत नसेल तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

.३२७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .३२ लाँगची काडतुसं वापरण्यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. मॅग्नम हे जोरदार काडतूस, लाँग हे त्याच जाडीचं पण आखूड आणि सौम्य; मॅग्नमच्या बंदुकीत सरावाला तेही चालतं, त्याबद्दलचा तो लेख. त्याखाली एक प्रतिक्रिया आली आहे. ती पूर्णच इथे देते, म्हणजे मी सोयीचं तेवढं उचललं असं म्हणायला जागा राहायची नाही.

‘ताई, लेख चांगला आहे पण मॅग्नम झेपत नसेल तर मॅग्नम हातात घेऊच नये. छोटी काडतुसं वापरून चेंबर घाण करण्यात काय पॉइंट आहे? गोळी पण वेगळ्या जागी लागते, मग तो सराव कसला? आणि मुंबईत .३२७ कोणाला मिळणार? उगाच अमेरिकेच्या गप्पा.’

नाव देत नाही. प्रोफाइलवर चेहऱ्याच्या जागी थार गाडी उभी आहे, एवढी ओळख पुरे.

आधी जे पटलं ते सांगून टाकते. चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या ज्या घरात काडतूस बसतं त्याच्या, साफसफाईला मी लेखात एकच ओळ दिली होती, ती त्रोटक होती. खाली सविस्तर लिहिते. तर ते एक मान्य. आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येऊ, कारण खरं बोलायचं ते तिथेच आहे.

‘झेपत नसेल तर.’ साहेब, माझं आजोळ सावंतवाडीच्या बाजूचं. मामाकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर होती, रानडुकरांसाठी. मामा शेजारी उभा असताना ती मी पहिल्यांदा खांद्याला लावली तेव्हा मी फ्रॉकमधून नुकतीच सलवार-कमीजमध्ये आले होते. खांदा काळानिळा झाला, आजीने हळद लावली आणि मामाला चार शब्द सुनावले. पुढच्या मे महिन्यात मी परत मामाच्या मागे लागले. नंतर कॉलेजात एनसीसी, तिथली .२२ ची रायफल, मग वरळीची रेंज. सासरे गेल्यावर त्यांची कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर वारसाने माझ्या नावावर व्हावी म्हणून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात किती खेटे घातले ते माझं मला माहीत. प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हेही वर्षानुवर्षं मीच करते. हे सगळं मिरवायला सांगत नाही. पण समोरच्याला काय झेपतं हे ठरवण्याआधी त्याने काय उचललंय ते विचारायची पद्धत आपल्याकडे होती.

आणि माझ्या लेखात मॅग्नम झाडल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही तो परिच्छेद वाचला नसावा. माझा धाकटा भाऊ ह्यूस्टनजवळ राहतो. त्याच्याकडे रुगरची एसपी१०१ आहे, .३२७ ची, सहा घरांची, सव्वाचार इंची नळीची. पर्यटक म्हणून गेलेल्याला तिकडे हत्यार हाताळायचं तर राज्याचं शिकारीचं लायसन्स काढावं लागतं, ते रीतसर काढलं (हे न करता रेंजवर फोटो काढून घेणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांनी जरा जपून). पूर्ण ताकदीची मॅग्नम झाडली, मनगट जागेवर आहे. उलट मला आश्चर्य वाटलं ते धक्क्याचं नव्हे. ती बंदूक पोलादाची आणि चांगली जड आहे, धक्का बराचसा वजनातच मुरतो. त्रास होतो तो आवाजाचा. कानांवर मफ असतानाही तो कडाका दातांत जाणवतो, नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो, आणि शरीर पुढच्या वेळी त्या आवाजाच्या आधीच आवळून बसतं. याला फ्लिंच म्हणतात. तो मनगटाच्या ताकदीने जात नाही, आणि पुरुष असण्याने तर मुळीच जात नाही.

भावाचंच सांगते. सहा फुटी, रोज जिम, बोलण्यात तुमच्यासारखाच. त्याचे शॉट सातत्याने खाली डावीकडे जात होते आणि तो साइटला दोष देत होता. मी सिलिंडर उघडला, चार घरांत मॅग्नम आणि दोन घरांत झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घातल्या, फिरवून बंद केला आणि बंदूक त्याच्या हातात दिली. पहिला बार झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला घोडा नुसताच ‘टक्’ करून पडला, आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. बंदूक उडालीच नव्हती, तरी त्याने तिला खाली दाबलं होतं. तो काही क्षण नळीकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘परत कर.’ परत तेच. त्यानंतर आम्ही .३२ लाँगचा खोका काढला. तीच बंदूक, तीच ग्रिप, तोच ट्रिगर. खोका संपता संपता ‘टक्’ झालं तरी फ्रंट साइट जागची हलेना. शेवटी मोजक्या मॅग्नम झाडल्या तेव्हा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पसारा, निम्म्यावर आला होता. आता तुमच्या हिशेबाने त्याला मॅग्नम झेपत नव्हती, तर त्याने ती विकून टाकायला हवी होती, नाही का?

गायक रोज तार सप्तकातच रियाझ करत नाही, पहाटे खर्ज लावतो. त्याला तार सप्तक झेपत नाही असं कोणी म्हणत नाही.

थोडे आकडे देते, कारण मतांपेक्षा ते बरे. .३२ लाँग हे १८९६ चं काडतूस. ९८ ग्रेनची (सहा ग्रॅमच्या थोडी वर) गोळी, वेग सेकंदाला साधारण २१५ मीटर. .३२७ फेडरल मॅग्नम २००७ चं, त्याची १०० ग्रेनची गोळी जवळपास दुप्पट वेगाने जाते. वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट, हे शाळेतलं विज्ञान. चेंबरमधला कमाल दाब लाँगला १५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .३२७ ला ४५,०००. गोळीचा व्यास दोन्हींचा एकच, .३१२ इंच. म्हणजे ४५,००० साठी घडवलेल्या सिलिंडरला १५,००० चं काडतूस तुम्ही दिवसभर दिलंत तरी तो जांभईसुद्धा देणार नाही. दोन्हींच्या मधे १९८४ चं .३२ एच अँड आर मॅग्नम आहे, आणि सगळ्यात मागे १८७८ चं आखूड .३२. चारही त्याच चेंबरमध्ये बसतात. उलटं मात्र बसत नाही. .३२७ ची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली आहे, ती आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरू नये म्हणून. कोणी ती घुसवायचा उद्योग करू नये, हे मी त्या लेखात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तेही तुम्ही वाचलं नसावं.

आणि सौम्य म्हणजे हलकं, कमअस्सल, हा जो तुमचा सूर आहे तो कुठून आला कळत नाही. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूलच्या रेंजवर एकदा जाऊन या. तीस शॉट प्रिसिजन, तीस रॅपिड, एकूण सहाशे गुण. तिथे टेबलावर बहुतेकदा .३२ वॉडकटरच दिसतील. गोळी सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाशी बरोबर बसवलेली, टार्गेटवर पंचिंग मशीनने पाडावं तसं गोल भोक पाडते. याच प्रकारात जसपाल राणांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ ला पालेम्बांगला एशियाडचं सुवर्ण घेतलं ते तर .२२ वर. त्यांना जाऊन सांगा, ताई, झेपत नसेल तर.

बरं, चेंबर. इथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मी वर मान्य केलं, आता तपशील. लाँगची पुंगळी २३.४ मिलिमीटर लांब, .३२७ ची ३०.५. म्हणजे लाँग भरल्यावर पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरचे साधारण सात मिलिमीटर उघडे राहतात. बार होतो तेव्हा काजळी, जळकं वंगण आणि नुसत्या शिशाची गोळी असेल तर थोडं शिसं त्या पट्ट्यावर बसतं. खोकाभर काडतुसांनंतर तिथे कडं तयार होतं. सिलिंडर उजेडासमोर धरून आत बघितलंत तर ते स्पष्ट दिसतं: मागचा भाग चकचकीत, मग एकदम काळी कडा. त्यानंतर मॅग्नम भरायला गेलात की ती शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला अडते. अंगठ्याने दाबून बसवणारे महाभाग असतात. ते करू नये, कारण पुंगळीचं तोंड त्या कड्यात आवळलं गेलं तर गोळी सोडताना ते मोकळं उघडत नाही आणि दाब वाढतो. नाही वाढला तरी झाडलेली पुंगळी चिकटून बसते आणि इजेक्टर रॉडवर तळहात आपटत बसावं लागतं.

उपाय दोन. एक, मॅग्नम झाडायच्या असतील तर त्या आधी झाडा, लाँग नंतर. (भावाबरोबर मी उलटा क्रम केला, पण मधे सिलिंडर साफ करून. तेवढी पंधरा मिनिटं त्याची कुरकुर ऐकली.) दोन, घरी आल्यावर सॉल्व्हंट लावून थोडा वेळ तसंच राहू द्यायचं आणि मग पितळी तारांचा ब्रश. ब्रश चेंबरच्या मापाचा जाड हवा. नळीचा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो, कड्याला लागतच नाही, आणि आपण साफ केलं असं समाधान तेवढं मिळतं. शेवटी रिकामी .३२७ पुंगळी प्रत्येक घरात आपल्या वजनाने ‘टप्’ करून बसते का बघायचं. बसली की झालं. दातांवर कीटण चढतं म्हणून कोणी जेवण सोडत नाही, एवढंच तुमच्या ‘काय पॉइंट आहे’ला सांगेन.

गोळी वेगळ्या जागी लागते म्हणता. लागते. भावाच्या बंदुकीची मागची साइट फिरवता येते, आम्ही ती फिरवली. या विषयावर कधीतरी लिहीन.

राहिली मुंबई. .३२७ इथे सामान्य परवानाधारकाला बाहेरून मागवता येत नाही हे मला तुम्ही सांगायची गरज नव्हती, लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात ते आहेच. पण .३२ लाँग मुंबईत आहे, आणि भरपूर आहे. आपल्याकडे .३८, .४५५, ९ मिलिमीटर ही सगळी प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारी मापं, म्हणून साध्या परवान्यावरची रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२ असंच समीकरण. कपाटात लॉकरमध्ये ठेवलेल्या त्या काडतुसाच्या बुडावर बघा, खडकीच्या फॅक्टरीचं ‘केएफ’ असेल. तेच हे काडतूस. टेक्ससमध्ये जे सौम्य, सरावाचं म्हणून विकतात, तेच इथे आपलं मुख्य आहे, आणि ते नेमकं काय करतं, कुठल्या घराण्यातलं आहे, हे आपल्या परवानाधारकांना कळावं एवढाच त्या लेखाचा हेतू होता. अमेरिकेच्या गप्पा मारायच्या असत्या तर भावाच्या स्विमिंग पूलचे फोटो टाकले असते.

एक विनंती. माझ्या लेखातलं चुकलेलं जरूर दाखवा, आकड्यावर बोट ठेवा, काडतुसावर भांडा. मनगटाचा विषय माझा मी बघते. आणि ‘लेख चांगला आहे पण’ अशी सुरुवात केली नाहीत तरी चालेल. चांगला वाटला नसेल तर तसं लिहा, मी काही रडत बसणार नाही. तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही.

जाता जाता, त्याच लेखाखाली ठाण्याच्या एका वाचकांनी अगदी नीट विचारलं होतं की .३२ पिस्तुलाची काडतुसं, म्हणजे एसीपी, या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतील का. त्यांचं उत्तर राहून गेलं होतं. दादा, परवान्यावर दोन्हींना .३२ च लिहितात म्हणून हा घोळ होतो, पण अशनीसारख्या .३२ पिस्तुलाचं काडतूस वेगळं. त्याच्या बुडाची कड जेमतेम बाहेर असते. मॅग्नमच्या चेंबरमध्ये ते बऱ्याचदा बसतं, उडतंही, पण कड बारीक असल्याने इजेक्टरचा तारा त्यावरून घसरतो आणि पुंगळी आतच राहते. बनवणारेही ते काडतूस चालणाऱ्यांच्या यादीत देत नाहीत. तुमच्या कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला तर नकोच. दुकानात मागताना ‘रिव्हॉल्व्हरचं .३२’ असं स्पष्ट सांगा आणि खोका उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.