लाइंगमध्ये चिंच का नाही

ताई, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं असं: ताज्या आळूचं लाइंग, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली फिलिपिनो भाजी, केलं, पानं वीस मिनिटांत मऊ झाली म्हणून उतरवलं, दूध फुटून वर तेल आलं, घसा खवखवला. आळूला चिंच लागते हे मला ठाऊक नाही का, आणि फोडणीशिवाय ही कसली भाजी?

आधी तेलाचं. ते यायलाच हवं. आपण नारळाचा घट्ट रस शेवटी घालतो आणि उकळी यायच्या आत पातेलं उतरवतो, कारण आपल्याला दुधाळ, एकजीव कालवण हवं असतं. फिलिपिन्समध्ये, लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाला असलेल्या बिकोल भागात हा पदार्थ घरोघरी होतो, आणि तिथे रस आटवून आटवून त्याचं तेल सुटेपर्यंत थांबतात. आलं, लसूण, कांदा, मिरच्या आधी पातळ रसात, त्यावर पानं. घट्ट रस म्हणजे 'काकांग गाता' मागाहून. फोडणीचं काम हे सुटलेलं तेलच करतं. डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून बहुतेक वेळा काहीतरी घातलेलं असतं, त्यामुळे ते तासभर आटवूनही ढिम्म राहतं. तुमचं फुटलं म्हणजे नारळ ताजा होता!

खवखव मात्र खरी, आणि ती वीस मिनिटांची आहे. आळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान मऊ झालं म्हणजे खाज गेली, असं नाही. बिकोलात पानं बहुधा वाळवून घेतात आणि मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. पानं रस पिऊन बसेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर खाजतं, असं तिथल्या बायका सांगतात. ढवळण्याचा खाजेशी कितपत संबंध आहे याबद्दल मला शंका आहे, पण मी ढवळत नाही. निदान पानांचा लगदा तरी होत नाही.

चिंचेचं त्यांना वावडं नाही. सिनिगांग नावाचं त्यांचं कालवण चिंचेवरच उभं असतं. लाइंगमध्ये ती घातली तर आपलं फतफतंच होईल, आणि ते आपल्याला आधीच उत्तम येतं. फतफत्याला मी नावं ठेवत नाहीये, त्यात काजू-शेंगदाणे घालून मीही वाटी चाटते.

"मचूळ लागलं" यालाही कारण आहे. तुम्ही बागूओंग वगळलंत. जवळ्यासारखीच बारीक कोळंबी मिठात मुरवून ते करतात, खारेपणा आणि वास दोन्ही त्याचे. तुमच्याकडे मासे चालत असतील तर भाजलेला सुका जवळा मिठासकट कुटून घाला. अगदी तीच चव नाही, पण जवळ जाते. शाकाहारी असाल तर मीठ आणि मिरच्या हात सैल सोडून घाला. बिकोलचं जेवण तसंही तिखटासाठीच ओळखलं जातं.

उरलेलं टाकलं नसेल तर थोडा पातळ रस घालून, झाकण न ठेवता, मंद आचेवर पुन्हा तासभर ठेवा. रंग काळपट हिरवा होईल, घाबरू नका. आणि भात नेहमीपेक्षा जास्त लावा.