साक्षात्कार झाला म्हणे

आज सकाळी आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर कुणीतरी फ्रान्सिस यंगहजबंड या जुन्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा फोटो टाकला. भरघोस मिशा, करारी नजर आणि खाली ओळ: 'हिमालयाने घडवलेला योगी'. ल्हासाहून परतताना डोंगरात त्याला विश्वप्रेमाचा साक्षात्कार झाला, पुढे त्याने सर्व धर्मांची परिषद काढली, एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमांमागेही तोच होता, वगैरे वगैरे. त्याखाली नमस्काराचे हात आणि बदामांची रांग.

सगळं खरं आहे. साक्षात्कार झाला, त्यानेच लिहून ठेवलंय. फक्त हा गृहस्थ ल्हासाला कशाला गेला होता, ते त्या अख्ख्या पोस्टमध्ये कुठेच नाही. तीर्थयात्रेला नव्हता गेला. फौज, तोफा आणि मॅक्झिम मशीनगन घेऊन गेला होता.

31 मार्च 1904. तिबेटमध्ये, ल्हासाच्या वाटेवर गुरू नावाच्या ठिकाणी, उघड्या माळावर, तिबेटी लोक दगडी भिंत घालून उभे होते. हातात तोड्याच्या बंदुका, तलवारी, गळ्यात लामांनी दिलेले ताईत. त्यांच्या हातातली शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात झाली, झटापट झाली, एक गोळी सुटली आणि मग मशीनगन सुरू झाल्या. काही मिनिटांत सहाशे-सातशे माणसं मेली. इंग्रजांच्या बाजूने मोजके जखमी. उरलेले तिबेटी पळालेसुद्धा नाहीत हो! माना खाली घालून, पाठ फिरवून, संथ चालत निघाले, आणि त्या पाठींवर गोळीबार चालूच राहिला. मशीनगनवरच्या अधिकाऱ्यालाच शेवटी किळस आली, तसं त्याने पत्रात लिहिलंय. त्याला साक्षात्कार वगैरे झाल्याची नोंद नाही, नुसती किळस आली. मला तो माणूस जवळचा वाटतो.

माझं बालपण अर्जुनी मोरगाव भागात गेलं, हे इथल्या जुन्या मित्रांना ठाऊक आहे. बाबांची शाळेची नोकरी. गोठणगावजवळ तिबेटी कॅम्प आहे, 1972 पासूनचा. ल्हासाच्या थंडीतली माणसं आणून विदर्भाच्या उन्हात बसवली, आणि त्यांनी तिथे धान पिकवून दाखवलं. हिवाळ्यात हीच मंडळी शहरात जाऊन स्वेटर विकतात. त्यातले एक आजोबा बाबांचे दोस्त होते. मूळचे ग्यांत्सेकडचे. आमच्यासमोर लोणी-मिठाचा चहा ठेवायचे आणि आमची तोंडं कशी होतात ते बघत बसायचे. त्यांचे आजोबा गुरूच्या माळावर होते. मांडीत गोळी लागली. मग इंग्रजांच्याच डॉक्टरांनी उचलून नेलं, जखम धुतली, पट्टी बांधली, जेवायला घातलं आणि बरं झाल्यावर सोडून दिलं. ही गोष्ट आजोबा त्यांच्या हिंदीत सांगायचे आणि शेवटी मांडीवर थाप मारून हसायचे. "गोली भी उनकी, पट्टी भी उनकी."

हो, जखमी तिबेटींवर उपचार केले त्यांनी. मान्य. लिहिलं, झालं समाधान?

आता कुणी म्हणेल, तिबेटनेच दार लावून घेतलं होतं, व्हाइसरॉय कर्झनची पत्रं न फोडता परत पाठवली होती. पाठवली होती. का पाठवू नयेत? इंग्रजांनी त्याआधी पाठवलेली माणसं आठवा. आपला नैनसिंह रावत, यात्रेकरूच्या वेषात, हातात 108 ऐवजी 100 मण्यांची जपमाळ, दर शंभर पावलांना एक मणी. अशी चोरून मोजणी करत तो ल्हासापर्यंत पोचला. शरच्चंद्र दास अभ्यासाच्या नावाखाली जाऊन आले. ते दार्जिलिंगला सुखरूप परतले, पण त्यांना आसरा देणाऱ्या सेंगचेन लामांना 1887 मध्ये नदीत बुडवून मारण्यात आलं. हे सगळं झाल्यावर तुम्ही दार उघडं ठेवलं असतं?

कर्झनला भीती रशियाची. दोर्जिएव्ह नावाचा, रशियातल्या बुर्यात जमातीचा एक बौद्ध भिक्षू झारला भेटून आला, एवढ्यावरून म्हणे ल्हासात रशियन बंदुका भरल्या असतील. गेले, शोधलं. रशियन फौजही नाही आणि बंदुकांचे साठेही नाहीत. तेराव्या दलाई लामांनी तोवर मंगोलियाची वाट धरली होती. मग 7 सप्टेंबर 1904 ला त्यांच्याच पोताला राजवाड्यात, त्यांच्या माघारी, करार. आमची फौज तुमच्यावर चालून आली, त्याचा खर्च तुम्हीच द्या: 75 लाख रुपये, 75 वार्षिक हप्त्यांत. फिटेपर्यंत सिक्कीमला लागून असलेलं चुंबी खोरं आमच्याकडे गहाण. लंडनलाच लाज वाटली आणि रक्कम 25 लाखांवर आणली.

पण माझा राग गोळ्यांवर कमी आहे, खरं सांगते. गोळ्या सगळ्याच साम्राज्यांनी घातल्या. मला चीड येते ती कागदांची. 1890 मध्ये सिक्कीम-तिबेट सीमा ठरली, ती इंग्रज आणि चीन यांच्यात. 1906 मध्ये ल्हासाच्या कराराला मंजुरी, पुन्हा चीनबरोबर, आणि दंडही चीनकडून घेतला. 1907 मध्ये रशियाबरोबर ठरलं की तिबेटशी बोलायचं ते चीनमार्फतच. तिन्ही वेळा तिबेटी माणूस खोलीतच नाही. शेत एकाचं, सातबारा एकाच्या नावावर, आणि इसाराचे पैसे भलत्याच दोघांनी आपसात मोजायचे. आमच्याकडे असं झालं तर कुऱ्हाडी निघतात.

चीनने यातून काय घ्यायचं ते घेतलं. 1910 मध्ये चिनी सैन्य ल्हासात. आणि दलाई लामा पळून आले कुठे? दार्जिलिंगला. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यापासून पळाले होते, त्यांच्याच आश्रयाला. तिथे चार्ल्स बेल हा इंग्रज अधिकारी भेटला, मैत्री झाली, आणि बेल माणूस म्हणून चांगलाच होता. भाषा शिकला, आयुष्यभर तिबेटची बाजू मांडत राहिला. त्याच्याही आधी 1774 मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने पाठवलेला बोगल पंचेन लामांचा, म्हणजे दलाई लामांखालोखाल मान असलेल्या लामांचा, जीवाभावाचा मित्र झाला होता. अशी माणसं होती. लंडनने त्यांचं कितपत ऐकलं, ते पुढे दिसतंच.

आजोबांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या आजोबांना इंग्रजांचा राग नव्हता का? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गोली चलानेवाला तो पगडीवाला था, बेटा." बोलण्यात टोमणा नव्हता, मला दुखवायचं तर मुळीच नव्हतं. मोहिमेत शीख पायोनियर होते, गुरखा होते. हुकूम इंग्रजाचा, बोट आपलं. हे आठवलं की मघाचा माझा आवेश जरा उतरतो.

तर 1914. सिमला परिषदेत पहिल्यांदा तिबेटचा प्रतिनिधी, लोन्चेन शात्रा, बरोबरीने टेबलावर बसला. त्याच्याशी इंग्रजांच्या मॅकमहोनने सीमारेषा ठरवली, तवांग आपल्याकडे आलं. चीनने तो करार मानला नाही. मग इंग्रजांनी कागद फडताळात टाकला तो टाकलाच, आणि 1938 मध्ये करारांच्या सरकारी संग्रहात छापला तेव्हा त्या खंडावर 1929 ची खोटी तारीख घातली. 1950 मध्ये चिनी फौजा शिरल्यावर तिबेटने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. विषय मांडला एल साल्वादोरने. ब्रिटन म्हणालं, पुढे ढकला. 2008 मध्ये, 29 ऑक्टोबरला, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री मिलिबँड यांनी एका निवेदनात तिबेट स्वायत्त असल्याची जुनी भूमिका मोडीत काढून तिबेट चीनचाच भाग असल्याचं जाहीर केलं. दलाई लामांचे दूत त्याच सुमारास बीजिंगशी बोलायला निघाले होते, आणि यांनी हातातलं शेवटचं पान फुकटात टाकून दिलं. या वेळी तर पट्टीसुद्धा नाही.

आणि आपण? अरुणाचलची रेषा ज्या कागदावर उभी आहे, त्यावर सही तिबेटची आहे. सही करणाऱ्याला सही करायचा हक्कच नव्हता, असं बीजिंग म्हणतं. आपण तवांगवर ठाम, पण त्या सहीबद्दल चकार शब्द काढत नाही. हे कसं जमतं, मला खरंच कळत नाही.

कॉमेंटमध्ये "मग नेहरूंचं काय?" येणार, ते माहीत आहे. 1947 ला ल्हासातलं इंग्रजांचं ऑफिस जसंच्या तसं आपल्याकडे आलं, साहेबही काही वर्षं तोच, ह्यू रिचर्डसन. 1950 ला पुढे ढकला म्हणणाऱ्यांत आपणही होतो, आणि 1954 मध्ये आपणही तिबेटबद्दलचा करार केला तो चीनबरोबरच. तिबेटी माणूस त्याही खोलीत नव्हता. त्यावर भांडू, जरूर भांडू, वेगळ्या पोस्टवर. पण यंगहजबंडला सोडवायला नेहरूंना मध्ये आणू नका, आज नाही.